तपासणारा हात, ठरवणारा हात



एका परिचारिकेच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत विषय परिचर्येचाच घ्यावा, असं मी ठरवलं. विषय असा आहे: नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणात रुग्णाच्या शरीराची सखोल तपासणी कशी शिकवावी आणि कशी शिकावी. बेळगावच्या किंवा पुण्याच्या सभागृहात हा विषय आम्हा शिक्षकांपुरता राहिला असता. इथे रामनगरात तो तुमच्या प्रत्येकाच्या घरचा आहे. का, ते सांगते.

आपण बसलो आहोत ते रामनगर विस्थापितांनी वसवलं. काळी नदीवर सुप्याचं धरण झालं, जुनं सुपा पाण्याखाली गेलं, माणसं इकडे आली, तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. क्षेत्रफळाने उत्तर कन्नडातला हा सगळ्यात मोठा तालुका, आणि 2011 च्या जनगणनेत वस्ती मात्र 50 हजारांच्या आसपास. बराच भाग व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात. कुणब्यांची, गवळ्यांची, सिद्दींची घरं, दहा इथे, पाच पलीकडच्या डोंगराला. अणशी घाटात दरड आली की कारवारची वाट बंद. मग दांडेली, नाहीतर बेळगाव, नाहीतर अनमोड उतरून गोव्यातलं बांबोळी. आजारी माणसाला घेऊन हा प्रवास केलेले अनेकजण आज या सभागृहात असतील.

आता मला सांगा, अशा तालुक्यात रुग्णापाशी शिकलेलं माणूस म्हणून सगळ्यात आधी कोण पोचतं? तज्ज्ञ डॉक्टर? नाही. एक्स-रे, सोनोग्राफी? तेही नाही. पोचते ती सिस्टर. डोंगराळ आणि आदिवासी भागात 3 हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. 2018 पासून या उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि तिथे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, म्हणजे आपण ज्यांना सीएचओ म्हणतो, ते नेमले गेले. त्यात नर्सिंग शिकलेली मुलं-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे बीपीचं यंत्र असतं, साखर आणि हिमोग्लोबिन पाहायची सोय असते, स्टेथोस्कोप असतो. बाकी सगळं त्यांच्या डोळ्यांत, बोटांत आणि कानांत. ते डोळे, ती बोटं, ते कान आम्ही कसे घडवतो, हा आजचा प्रश्न आहे.

पहिला मुद्दा मांडते. तपासणीतून निर्णय निघाला पाहिजे. वहीत नोंद झाली म्हणून तपासणी पूर्ण होत नाही.

समजा, फेब्रुवारीचा महिना आहे. जंगलात लाकूडफाटा आणि सुका पाला गोळा करायला जाणारी पस्तिशीची बाई उपकेंद्रात आली. तीन दिवस सडकून ताप, डोकं फुटतंय, अंग ठेचून निघाल्यासारखं झालंय. सिस्टरनं ताप मोजला, नाडी मोजली, बीपी घेतलं, वहीत लिहिलं, पॅरासिटामॉल दिली. यात चूक काही नाही. पण या बाईची तपासणी झाली का?

माझ्या मते ती अजून सुरूच व्हायची आहे. डोळे लाल आहेत का, आणि लाल असूनही चिपडं नाहीत ना? हिरड्यांतून रक्त येतंय का? टाळूवर बारीक पुरळ आहे का? ताप 103 असताना नाडी त्या मानाने संथ चालते आहे का? या खुणा माकडतापात दिसू शकतात. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात त्याचा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला, आणि गेल्या काही वर्षांत सह्याद्रीच्या अंगाने तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. गोचिडीतून येणारा हा ताप साधारण नोव्हेंबर ते मे या काळातला. म्हणजे सिस्टरनं महिना लक्षात घ्यायचा, जंगलाची वाट विचारायची, मेलेलं माकड कुठे दिसलं का ते विचारायचं आणि अंगावर गोचीड शोधायची. काही रुग्णांत ताप उतरतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि एक-दोन आठवड्यांनी तो परत येतो. मान आखडते, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. त्या दुसऱ्या फेरीत मानेवरून आणि हातांवरून कळतं, रक्ताचा अहवाल यायच्या आधी.

इथे थांबायचं? अजून नाही. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली एखादी काळी खपली आहे का? भाजल्यासारखी दिसणारी, कडेने लालसर, न दुखणारी. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाई सांगत नाही. ती लाजेच्या जागी असते, म्हणून कुणी पाहत नाही. आणि ओळखली गेली, तर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं, स्वस्त औषध वेळेत सुरू होऊन बहुतेक रुग्ण झपाट्याने सावरतात. हीच बाई ऑगस्टमध्ये, भाताच्या खाचरातून उठून आली असती, तर मी आधी तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या असत्या. लेप्टोस्पायरोसिसमध्ये त्या दाबल्यावर माणूस कळवळतो.

तेच थर्मामीटर, तेच उपकेंद्र, तीच बाई. एका तपासणीतून निघाली पॅरासिटामॉलची गोळी, दुसरीतून निघालं आज, आत्ता, कुठे पाठवायचं आणि चिठ्ठीवर काय लिहायचं. वॉर्डात डॉक्टर दहा पावलांवर असतात, तिथे सिस्टरनं आकडे लिहून कळवलं तरी भागतं. इथे कुणाला कळवणार? रेंज मिळाली तर ई-संजीवनीवरून डॉक्टर बोलतात, हे खरं, आणि ते चांगलंच आहे. पण पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना पोट दाबून पाहता येत नाही. सिस्टरच्या बोटांना जे कळलं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचतं. बोटांना काहीच कळलं नसेल, तर पलीकडे कितीही मोठे डॉक्टर बसवा, काय उपयोग?

परिचारिकेने तपासून निर्णय घ्यावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात 1965 मध्ये लोरेटा फोर्ड या परिचर्येच्या प्राध्यापिकेने, हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन, नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्डबाई आधी खेड्यापाड्यांत सार्वजनिक आरोग्याचं काम केलेल्या. डॉक्टर नसलेल्या भागात मुलांना परिचारिका पाहतातच, तर त्यांना नीट तपासायला शिकवू, एवढी साधी सुरुवात होती. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम 2017 च्या सुमारास आला. त्यात प्रगत शरीरतपासणी, प्रगत विकृतिशास्त्र आणि प्रगत औषधशास्त्र हे तीन खांब आहेत, आणि बहुतांश वेळ रुग्णाच्या खाटेपाशी जातो. मला त्याचा आनंद आहे. पण तो आहे अतिदक्षता विभागासाठी, जिथे यंत्रं आहेत, डॉक्टर आहेत, रात्रीसुद्धा लख्ख उजेड आहे. जिथे यातलं काहीच नाही, तिथल्या सिस्टरला ही विद्या जास्त हवी की कमी? विचार करा.

आता दुसरा मुद्दा, आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझं आयुष्य यात गेलं. ही तपासणी शिकायची कशी?

पाहणं, चाचपणं, ठोकून पाहणं, ऐकणं. चार पायऱ्या. पोटापुरता क्रम बदलायचा, पाहून झालं की आधी ऐकायचं आणि मग हात लावायचा, कारण हात लागला की आतड्यांचे आवाज बदलू शकतात. हे प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतं. परीक्षेत ती घडाघडा सांगते. आणि पोटावर हात ठेवला की तो थरथरतो. का? कारण तिने हात फार थोड्या पोटांवर ठेवलेला असतो.

ठोकून तपासण्याची रीत ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये जगापुढे मांडली. ते खाणावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून कळतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. तुम्हाला हे वेगळं शिकवायला नको. फणस पिकला का, ते तुम्ही बोटांनी वाजवूनच ठरवता. पण पहिल्या फणसाला कुणाला कळलं होतं? शंभर कच्चे वाजवले, तेव्हा पिकल्याचा आवाज ओळखता आला. छातीचंही तेच आहे. फुप्फुसाभोवती पाणी झाल्यावर येणारा ठोस आवाज ओळखायचा, तर निरोगी छातीचा पोकळ आवाज कानात मुरलेला हवा. आधी निरोगी शरीर, खूप निरोगी शरीरं, म्हातारी, तरणी, गरोदर, तान्ही. मग आजार. आम्ही उलटं करतो. मुलींना थेट आजारी माणसापाशी उभं करतो आणि विचारतो, काय वेगळं वाटतंय? तिला वेगळं कशापासून ते माहीतच नसतं.

पुतळ्यांवर शिकवतात, त्यालाही माझा विरोध नाही. मॅनिकिनमधून हृदयाचा आवाज ऐकवता येतो, कितीही वेळा ऐकवता येतो. पण मॅनिकिन लाजत नाही. तिच्या मागे सासू उभी नसते. ती कन्नड, कोकणी, मराठी या तिन्ही भाषा मिसळून बोलत नाही. तिचा रंग बदलत नाही. आणि रंगाबद्दल बोलायलाच हवं. पाठ्यपुस्तकांतली बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या सावळ्या, उन्हात राबलेल्या कातडीवर फिकटपणा गालावर शोधून सापडणार नाही. तो डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आत, जिभेवर, तळहाताच्या रेषांत पाहायचा. ओठ काळसर असतील, तर निळेपणा जिभेच्या खाली शोधायचा. पिवळ्या बल्बखाली कावीळ निसटते. म्हणून रुग्णाला दारात, दिवसाच्या उजेडात आणून पाहायचं. कुणब्यांच्या घरात दुपारीसुद्धा आत अंधार असतो. तिथे गेलेल्या विद्यार्थिनीला हे एका दिवसात कळतं. वर्गात दोन वर्षांत कळत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कुणीतरी हात धरून हात सुधारला पाहिजे. एक उदाहरण देते. सातव्या महिन्यातली गरोदर बाई. दम लागतो. गरोदरपणात दम लागायचाच, असं घरात म्हणतात, कधी दवाखान्यातही म्हणतात. आता समजा, लहानपणी तिला सांधेदुखीचा ताप येऊन गेलेला आहे आणि त्यात हृदयाची झडप अरुंद झालेली आहे, कुणाला पत्ता नाही. गरोदरपणात शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, आणि ते सगळं त्या अरुंद झडपेतून जाताना अडतं. हिला उताणी निजवून घाईने ऐकलं, तर बहुधा काही ऐकू येत नाही. तिला डाव्या कुशीवर वळवायचं. हृदयाचा टोकाचा ठोका बोटांनी शोधायचा. स्टेथोस्कोपची छोटी, घंटेसारखी बाजू तिथे अलगद टेकवायची. दाबायची नाही, दाबलं की आवाज हरवतो. मग ठोक्यांच्या मधल्या जागेत खालच्या पट्टीतली मंद घरघर ऐकू येते. ही घरघर वाचून कुणालाही शिकता आलेली नाही. ज्याने ती ऐकली आहे असा शिक्षक शेजारी लागतो. तो म्हणतो, हात सैल कर, थोडं वर, आता थांब, आता ऐक. आणि विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर कळतं, ऐकलं.

आमच्याकडे परीक्षेला ऑस्की आली आहे. डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. ठरावीक टेबलं, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटं, यादीप्रमाणे गुण. पक्षपात कमी झाला, हे तिचं मोठं देणं. पण एका टेबलावर छाती, दुसऱ्यावर पोट, तिसऱ्यावर पाय, असं तपासून झालं तरी ती छाती, ते पोट आणि ते पाय एकाच बाईचे आहेत, हे जोडायला कोण शिकवणार? पायावर सूज, बीपी 140/90 च्या वर, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, छातीच्या खाली पोटात दुखतंय. वेगवेगळ्या टेबलांवर या पाच किरकोळ तक्रारी आहेत. एका गरोदर बाईत त्या एकत्र आल्या, तर तासाभराचासुद्धा विलंब परवडत नाही.

कुणी म्हणेल, एवढं शिकवायची गरजच काय? आणि तो साधार म्हणेल. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी शाळेचं तोंड न पाहिलेल्या सुइणींना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60, त्यापुढे वर्षापर्यंत 50, ही ती हद्द. गावातल्या माणसांनी न्यूमोनियावर उपचार केल्यामुळे बालमृत्यू कमी झाले, हे त्यांनी 1990 मध्ये जगासमोर ठेवलं. या कामापुढे मी नतमस्तक आहे.

पण नीट बघा. ते मणी एका प्रश्नाचं उत्तर देतात, आणि फार चांगलं देतात. प्रश्न कुठला विचारायचा, हे आधी त्या दोघा डॉक्टरांनी ठरवून ठेवलं होतं. पदव्युत्तर परिचारिकेकडून अपेक्षा आहे ती इथे. तिच्यापुढे बसलेल्या माणसाला कुठला प्रश्न लागू आहे, हे तिने ठरवायचं आहे. आणि ज्या आशाताई उद्या मणी मोजतील, त्यांना तिने शिकवायचंही आहे.

प्रश्नावरून तिसऱ्या मुद्द्याकडे येते. तो छोटा आहे, पण त्याच्याशिवाय बाकीचे दोन लंगडे पडतात. तपासणी बोलण्यातून सुरू होते. 'दम लागतो का?' असं विचारलं की बाई 'नाही' म्हणते. कारण दम लागेपर्यंत ती पोचतच नाही, त्याआधीच टेकते. तिला विचारा, झऱ्यावरून पाणी आणताना आधी किती ठिकाणी कळशी उतरवायचीस आणि आता किती ठिकाणी? ती लगेच सांगेल. पहाटे एखादा माणूस पोटात कळ येते म्हणून आला, पापण्या जड झाल्या आहेत, घोट गिळवत नाही, अंगावर जखम कुठेच नाही. त्याला पहिला प्रश्न जेवणाचा विचारायचा नाही, रात्री कुठे निजला होतास, हा विचारायचा. जमिनीवर निजला असेल, तर मण्यारीचा संशय घ्यायचा. तिचा दंश अनेकदा झोपेतच होतो, दुखत नाही, दातांची खूण दिसतेच असं नाही. मग मान उचलायला सांगायचं, एका श्वासात कुठवर आकडे म्हणता येतात ते पाहायचं, आणि हे आकडे दर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे. ते घसरत असतील, तर श्वास थांबण्याची वाट पाहत बसायचं नाही. हा प्रश्न पुस्तकात सापडेल, पण घरात माणसं कशी निजतात ते पाहिल्याशिवाय वेळेवर आठवणार नाही.

मी इथवर दोन हातांबद्दल बोलले, तपासणाऱ्या आणि शिकवणाऱ्या. आता तिसरा, ठरवणारा. सिस्टरला कळलं, तिने ठरवलं, पुढे काय? भारतात आजही परिचारिकेला स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. त्यातून पुढे कोणते अधिकार निघतील, ते आपल्या आग्रहावरही अवलंबून आहे. अधिकारांची वाटणी विचारपूर्वक व्हावी, घाईने नको, असं मलाही वाटतं. पण एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते, तिला कायदा लागत नाही.

तिने लिहिलेली चिठ्ठी वाचली जावी. 'ताप, पुढील उपचारासाठी' असं तिने लिहू नये. तिने लिहावं, 'ताप तिसरा दिवस, डाव्या जांघेत काळी खपली, जंगलात ये-जा, नाडी इतकी, श्वास इतके, मला स्क्रब टायफसचा संशय आहे.' आणि रुग्णालयाने त्या चिठ्ठीच्या मागे चार ओळी लिहून परत पाठवावं, काय निघालं. तिचं बरोबर होतं की चुकलं. ही परत येणारी चिठ्ठी हा माझ्या लेखी पदव्युत्तर शिक्षणातला सर्वांत मोठा धडा आहे, आणि तोच आज बहुधा राहून जातो. रुग्ण बांबोळीला गेला, बरा होऊन आला किंवा आला नाही, सिस्टरला वर्षानुवर्षं कळतच नाही की त्या दिवशी तिच्या बोटांनी खरं सांगितलं होतं का. मग ती बोटं शिकणार कशी?

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. बेळगाव, कारवार आणि बांबोळीच्या नर्सिंग महाविद्यालयांना माझी विनंती आहे की पदव्युत्तर विद्यार्थिनींची एक पोस्टिंग जोयड्याच्या उपकेंद्रांत लावा. ती आठवड्याची सहल असू नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यांनी पाहावा. सोबत शिक्षक पाठवा, राहायची सोय करा, आणि प्रत्येक पाठवलेल्या रुग्णाची परतीची चिठ्ठी त्यांच्या गुणांत धरा.

दुसरी विनंती तुम्हाला आहे, समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो. त्या मुली तुमच्या दारात येतील, तेव्हा तुम्ही धडधाकट असलात तरी त्यांना तपासू द्या. तुमची निरोगी छाती ऐकू द्या, तुमच्या सुनेचं निरोगी गरोदर पोट मोजू द्या, आजोबांची नाडी पूर्ण मिनिटभर धरू द्या. आडोसा मागा, तो तुमचा हक्क आहे. हात धुतलेत का, असं विचारा. आणि तपासून झाल्यावर विचारा, बाई, काय सापडलं ते आम्हाला समजेल असं सांग. तिला सांगता आलं नाही, तर तिला परत तपासायला लावा. तुमच्या अंगणात तिची ही परीक्षा झाली पाहिजे, आणि परीक्षक तुम्ही व्हायचं आहे.

मागच्या रांगेत काही हात वर झालेले दिसत आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल, तर प्रश्न घेऊया. आधी उपकेंद्राच्या सिस्टरना विचारू द्या.